उंदरीची गादी आणि बाळाचं जावळ

एक होती इवलीशी उंदरी. तिची होती इवली इवली पिल्लं.
एकदा वारा आला सूंऽऽ सूंऽऽ! पिल्लांची कापसाची गादीच उडवून नेली! पिल्लं लागली कुडकुडायला. कुड कुड कुड!

उंदरी बिळाबाहेर आली, तुरु तुरु तुरु. बघते तर काय! अंगणात बाळाचं जावळ! मामाच्या मांडीवर बाळ, समोर तात्या न्हावी. आणि बाळाचे केस? अहाहा! मऊ मऊ मऊ!

"तात्या तात्या, केस द्या! पिल्लांना गादी मिळेना!"
तात्या म्हणाले, "मी नाही जावळ काढणार! वस्तरा बोथट, बाळाचं डोकं नाजूक. आधी वस्तऱ्याला धार हवी!"

उंदरी गेली तुरु तुरु तुरु.
"वस्तऱ्या वस्तऱ्या, धार धर!
तात्या जावळ काढेना,
पिल्लांना गादी मिळेना!"
वस्तरा म्हणाला, "मी नाही धरणार! आधी दगडाने घासायला हवं!"

तिथे होते दोन दगड. उंदरी गेली थोरल्याकडे. तुरु तुरु तुरु.
"दगडा दगडा, वस्तरा घास!
वस्तरा धार धरेना,
तात्या जावळ काढेना,
पिल्लांना गादी मिळेना!"
दगड हसला खो खो खो! "अगं वेडाबाई, मी तर खरबऱ्या! वस्तऱ्याचे दात पाडीन! त्या गुळगुळ्याकडे जा!"

उंदरी गेली तुरु तुरु तुरु.
"गुळगुळ्या गुळगुळ्या, वस्तरा घास!
वस्तरा धार धरेना,
तात्या जावळ काढेना,
पिल्लांना गादी मिळेना!"
गुळगुळ्या म्हणाला, "मी नाही घासणार! माझ्या पोटात बघ केवढा खड्डा! आधी खरबऱ्याने मला सपाट करायला हवं!"

अगं बाई! परत खरबऱ्याकडेच! तुरु तुरु तुरु.
"खरबऱ्या खरबऱ्या, खड्डा घास!
गुळगुळ्या वस्तरा घासेना,
वस्तरा धार धरेना,
तात्या जावळ काढेना,
पिल्लांना गादी मिळेना!"
खरबऱ्या म्हणाला, "मी नाही घासणार! कोरडा कसा घासू? आधी पाणी हवं!"

पाणी होतं तांब्यात, बाळाच्या पायाशी. तुरु तुरु तुरु.
"पाण्या पाण्या, बाहेर ये!
खरबऱ्या खड्डा घासेना,
गुळगुळ्या वस्तरा घासेना,
वस्तरा धार धरेना,
तात्या जावळ काढेना,
पिल्लांना गादी मिळेना!"
पाणी म्हणालं, "मी नाही येणार! आधी तांब्या लवंडायला हवा!"

उंदरीने तांब्या ढकलला. हुश्श! हलतोय कसला!
मग गेली बाळाकडे. तुरु तुरु तुरु.
"बाळा बाळा, लाथ मार!
पाणी बाहेर येईना,
खरबऱ्या खड्डा घासेना,
गुळगुळ्या वस्तरा घासेना,
वस्तरा धार धरेना,
तात्या जावळ काढेना,
पिल्लांना गादी मिळेना!"

बाळ 'नाही' म्हणालं का? छे! बाळाला 'नाही' म्हणताच येत नव्हतं! ते हसलं खुदकन आणि मारली लाथ!

ठण्ण!
पाणी सांडलं खळ खळ खळ!
खरबऱ्याने खड्डा घासला, खर्र खर्र खर्र!
गुळगुळ्याने वस्तरा घासला, सुस्स सुस्स सुस्स!
वस्तऱ्याने धार धरली, चम चम चम!
तात्यांनी जावळ काढलं, सुळुक सुळुक सुळुक!
बाळ रडलं का? मुळीच नाही! डोक्याचा झाला गोटा, तुळतुळीत!

मामाने केस गोळा केले. म्हणाला, "हे नदीत सोडायचे. पण ही सगळ्यात मऊ बट आमच्या उंदरीबाईंची!"

बट तोंडात धरून उंदरी पळाली, तुरु तुरु तुरु! पिल्लं गादीत शिरली. कुडकुड थांबली.

बाळाचं डोकं गार गार,
पिल्लांची गादी उबदार,
गोष्ट आमची झाली पार!