दरवाजा अडला श्रीपाशी

"महाराज, आपल्या महादरवाजाला भोक पडलंय!"

भिवराने भर दरबारात असं सांगितलं आणि तांबडगडचे महाराज गजेंद्रप्रताप सिंहासनावरून ताडकन उठले. उद्या राजकन्येचं लग्न, सोनखेडच्या राजाची वरात दारात येणार आणि दरवाजाला भोक? लगेच राजसुतार धावले. त्यांनी दरवाजा ठोकून पाहिला, वाकून पाहिला, एकाने तर चाटूनही पाहिला.

"सागवान आहे महाराज, अगदी अस्सल! भोक कुठेच नाही!"

"अहो, लाकडाला नाही!" भिवरा म्हणाली. "दरवाजाच्या कॉम्प्युटरला!"

भिवरा गुरवाची मुलगी. देवडीवर बसून दरवाजाचा कॉम्प्युटर सांभाळणं हे तिचं काम. येणाऱ्याने बाहेरून आपलं नाव सांगायचं, कॉम्प्युटरने ते तपासायचं आणि दरवाजा उघडायचा, अशी सोय होती. नाव तपासण्यासाठी त्यात जावास्क्रिप्टची एक लायब्ररी बसवली होती. लायब्ररी म्हणजे कुणा परक्या माणसाने लिहून सगळ्या जगाला फुकट वापरायला दिलेला तयार प्रोग्राम.

"त्याच माणसाने कळवलंय," भिवरा म्हणाली. "जुन्या आवृत्तीत खोट सापडली. एकच शब्द पुन्हापुन्हा आला की ती गोंधळते आणि अडून बसते. कुणीही टवाळ येऊन दरवाजा बंद पाडू शकेल! नवी आवृत्ती तयार आहे, तीही फुकट. घटकाभरात बसवते."

"खबरदार!" प्रधान विश्वंभरपंत ओरडले. "महाराज, चालू आहे त्याला हात लावू नये! मी गेल्या वर्षी चालू घड्याळ साफ केलं, तेव्हापासून ते उलटं चालतंय. रोज कचेरीत मी आदल्या दिवशी पोचतो!"

महाराजांना हे फार पटलं. "पोरी, मला तर कसली खोट दिसत नाही. असेल तर दाखव! पण कॉम्प्युटरला बोट लावायचं नाही. बाहेरचा माणूस आणायचा नाही. मोडतोड करायची नाही. सूर्य मावळायच्या आत दाखवलीस तर खरी, नाहीतर राजवाड्यातल्या कबुतरांना जन्मभर आंघोळ घालत बसशील!"

दरबार खो खो हसला. भिवराने मात्र आपली बोटं मुठीत लपवली. तांबडगडची कबुतरं चावरी होती. हात न लावता कॉम्प्युटरमधली खोट दाखवायची कशी? ती डोकं खाजवत उभी होती, तेवढ्यात भालदाराने महाराजांच्या नावाचा पुकारा सुरू केला. तो संपायच्या आत भिवराचा चेहरा उजळला!

"महाराज, एक विनंती. उद्या व्याही येणार, तसे आज आपण एकदा बाहेरून येऊन बघावं. रंगीत तालीम!"

"आम्ही नाव सांगायचं? आमच्यासाठी पहारेकरी आतूनच दरवाजा उघडतात!"

"म्हणून तर या दरवाजाने आपलं पूर्ण नाव कधी ऐकलंच नाही, महाराज. बिचारा!"

महाराजांना दरवाजाची दया आली. ते पंतांना घेऊन बाहेर गेले, दरवाजा लावून घेतला आणि पहारेकऱ्यांना आतून न उघडण्याची ताकीद दिली. मग छाती फुगवून त्यांनी सुरुवात केली, "श्री श्री श्री श्री श्री..."

श्री म्हणता म्हणता त्यांना धाप लागली. दोनदा पाणी प्यावं लागलं. मग पदव्या आल्या, शेवटी नाव आलं.

दरवाजा गप्प.

ऊन डोक्यावर आलं. आत जेवणाची पानं वाढली गेली. मठ्ठ्याचा वास भिंतीवरून बाहेर आला.

"भिवरा!" महाराज गरजले. "दरवाजा काय करतोय?"

देवडीच्या खिडकीतून भिवराने डोकं बाहेर काढलं. "विचार करतोय, महाराज! हा श्री त्या श्रीचा जोडीदार की पुढच्याचा? एक श्री वाढला की कोडं दुप्पट होतं. आपण तर पोतंभर ओतलेत! तो अडला की आतूनही उघडत नाही. असाच चालला तर राजकन्येच्या नातवंडांच्या लग्नाला उघडेल."

"मग तो थांबव!"

"बोट लावायला मनाई आहे, महाराज."

"मनाई उठवली!"

"मग नवी आवृत्तीही बसवू?"

"महाराज, विचार करा," पंत घाम पुसत म्हणाले, "चालू आहे त्याला..."

"चालू कुठे आहे पंत?" महाराज किंचाळले. "जिलबी आत, आम्ही बाहेर! उद्या सोनखेडकर त्यांचे श्री घेऊन इथे असेच उन्हात उभे राहिले तर लग्न राहील बाजूला, लढाई होईल! बसव पोरी, आत्ता बसव!"

भिवराने कॉम्प्युटर थांबवला, नवी आवृत्ती उतरवून घेतली, बसवली आणि पुन्हा सुरू केला. महाराजांनी धास्तावून पहिल्यापासून श्री म्हणायला घेतले. शेवटचं अक्षर तोंडातून पडतंय तोच दरवाजा सरकन उघडला!

आत येताच महाराजांनी डोळे वटारले. "खोट दाखवलीस खरी. पण आम्हाला उन्हात ताटकळत ठेवणारा गुन्हेगार कोण, तेही सांग!"

"मी बोट लावलं नाही, महाराज. बाहेरचा माणूस आला नाही. कशाची मोडतोडही झाली नाही," भिवरा हात जोडून म्हणाली. "दरवाजावर हल्ला केला तो आपल्या मोठेपणाने. त्याला पकडायचं तर पहारेकऱ्यांनी बेडी कुणाला घालावी?"

पहारेकऱ्यांनी घाईघाईने आपापल्या बेड्या पाठीमागे लपवल्या. महाराजांच्या मिशा थरथरल्या. मग पोट हललं. मग ते असे हसले की मुकुट घरंगळत थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात पडला!

"शाबास! आजपासून राजवाड्यातले सगळे कॉम्प्युटर तुझ्या ताब्यात! लायब्ररी लिहिणाऱ्या त्या भल्या माणसाला टोपलीभर जिलब्या पाठवा! आणि भिवरा, तुला आमच्यातले निम्मे श्री बहाल!"

"जिलब्या मलाही चालतील, महाराज," भिवरा घाईघाईने म्हणाली, "पण श्री नकोत. आमच्या घरचा दरवाजा अजून जुन्या आवृत्तीवरच आहे!"