पूनमचा दाखला

“चार माणसांची मोट बांधायची कशी, एवढंच सांगा, गुरुजी.”

चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच श्रीरंग टेकाळेंनी विषय काढला. टाकेवाडीच्या प्राथमिक शाळेचे ते मुख्याध्यापक. शाळेत चार वर्ग आणि चार शिक्षक. चौथीचा वर्ग स्वतः टेकाळेंकडे, आणि तालुक्यात निकालाला पहिला. हे ते ज्याला त्याला सांगत. आज मात्र सांगायची इच्छा नव्हती.

समोर बसलेल्या अंबादास गुरुजींनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं. आता वय ऐंशीच्या पुढं. ऐकू नीट यायचं, दिसायचं मात्र धूसर.

“का? भांडतात का?” गुरुजींनी विचारलं.

“भांडले असते तर बरं झालं असतं. बोलतच नाहीत एकमेकांशी. आपापल्या वर्गाचं दार लावून बसतात.”

“मग तू काय केलंस?”

टेकाळेंनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? दर शनिवारी बैठक. कामवाटपाचा तक्ता त्यांनी एकट्यानं जागून तयार केला, बाकीच्यांनी खाली सह्या केल्या. शुक्रवारी सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे, असंही ठरवून पाहिलं. तिसरीचे गवळी सर म्हणाले, मला हिरवा शोभत नाही. तिथंच ते बारगळलं.

“बैठकीत बोलतं कोण?”

“मीच. दुसरं कोण बोलणार?”



टेकाळेंनी खिशातून एक कागद काढला. शाळा सोडल्याचा दाखला. नाव, जन्मतारीख, सगळं भरलेलं. सही तेवढी राहिली होती.

“पूनम नावाची मुलगी आहे, माझ्याच वर्गात. उद्या तिचे वडील दाखला न्यायला येणार. गवंडीकाम करतात. म्हणाले, चार वर्षं पाठवली, आजीच्या औषधाची चिठ्ठी वाच म्हटलं तर रडायला लागली. त्यापेक्षा घरी बसून धाकट्याला सांभाळेल.”

“वाचता येत नाही तिला?”

“जोडाक्षर आलं की थांबते. साधं अक्षरसुद्धा अडखळत.”

“हं…”

“पहिलीच्या लोखंडेबाई म्हणतात, माझ्याकडे होती तेव्हा आजारीच असायची. दुसरीच्या सय्यद सरांना वाटलं, तिसरीत गवळी बघतील. गवळींनी तर कानांवर हातच ठेवले. मुलगी तिघांच्या हातांतून निसटली, गुरुजी. आणि तिघांपैकी एकालाही त्याचं काही वाटत नाही.”

टेकाळेंचा आवाज चढला होता. पोरीचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त राग होता.

“तुला कधी कळलं?” गुरुजींनी शांतपणे विचारलं.

टेकाळेंनी दाखल्याची घडी घातली. परत उलगडली.

“जूनमध्ये.”

“आता कोणता महिना?”

“…फेब्रुवारी.”

“मग काय केलंस?”

“मागं बसवली. बाकीच्या वर्गाचा खोळंबा नको म्हणून. मी प्रयत्न केला, गुरुजी. जूनमध्ये रोज अर्धा तास घेतला. पण मी वरच्या वर्गांचा माणूस. अक्षरापासून शिकवायचं म्हणजे… हात टेकले.”

“लोखंडेबाईंना येतं?”

“त्यांचा हातखंडा आहे. वीस वर्षं पहिलीच शिकवतात.”

“त्यांचा वर्ग कुठं?”

“माझ्या शेजारीच.”

“मग विचारलं का नाहीस?”

  आठ महिने मधे एक भिंत होती. त्या भिंतीपलीकडून बाराखडी रोज ऐकू यायची.

“कसं विचारणार?” टेकाळे म्हणाले. “मी मुख्याध्यापक. त्यांना जाऊन सांगू, मला येत नाही म्हणून?”



“येत नाही म्हणणाऱ्याला मी काय करायचो रे, श्रीरंगा?”

“वर्गाबाहेर उभं करायचात. भिंतीकडं तोंड करून, घंटा होईपर्यंत.”

“तुला किती वेळा केलं?”

“एकदाच. सातच्या पाढ्याला. पावसात भिजलो होतो. सगळी शाळा बघून हसत होती.”

“आणि नंतर?”

“नंतर मी कधीच येत नाही म्हणालो नाही.” टेकाळे किंचित हसले. “तुमच्यामुळंच घडलो, गुरुजी. कुठंही अडलो तरी कुणाला कळू दिलं नाही.”

हे त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं. पण गुरुजींचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांच्या नोकरीत असे किती श्रीरंग घडवले, याचा जणू ते हिशेब लावत होते, आणि तो लागत नव्हता.

मग ते काठी टेकत उठले. चाचपडत उंबरा ओलांडला. अंगणात, भर उन्हात, पायांत काही न घालता, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

“गुरुजी, हे काय करताय? आत चला. पाय भाजतील.”

गुरुजी हलले नाहीत.   त्यांचा हात धरायचं टेकाळेंना धाडस झालं नाही. ते उंबऱ्याच्या आत तसेच उभे राहिले.

“गुरुजी… पूनम उद्या जाणार.”

“जाईल बहुतेक.”

“मग मी काय करू?”

भिंतीकडचं तोंड न वळवता गुरुजी म्हणाले,

“सकाळी लोखंडेबाईंच्या दाराशी जाऊन उभा राहा. काय हवंय म्हणून त्या विचारतील. मला येत नाही म्हणून, पूनमला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांग.”