हौसाबाईचा डाव

“मग, कुठं जेवायचं आज?” बुवांनी विचारलं.

विद्याधर याच प्रश्नाची वाट पाहत होता. ज्या घरात आईबापांचा जीव निवांत असेल ते घर शोधून ये, तिथंच जेवू, असं बुवांनी सकाळी सांगितलं होतं. नेमकं सापडलं तर उद्याचं कीर्तन त्याचं. चार वर्षं तो मागे उभा राहून टाळ वाजवत होता.

“शिर्क्यांकडे,” तो म्हणाला. “चार भाऊ, चार जावा, म्हातारा-म्हातारी. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि सगळं घर उठून उभं राहिलं.”

“त्याआधी बसलं होतं का कुणी?”

विद्याधर आठवू लागला... एक सून दळत होती. एक पाणी भरत होती. थोरली पोराला पाजता पाजता भाजी निवडत होती.

“बसायला वेळ कुणाला, बुवा? भरलं घर आहे.”

“आणखी कुठं गेलास?”

“हौसाबाईकडे. नवरा वारलेला, पदरात दोन मुली, पत्रावळी लावून पोट भरते. तिथं कसला निवांतपणा? आणि रीतभात तर नाहीच. मुलींशी सागरगोटे खेळत बसली होती. मी दारात उभा, अन् मला म्हणते, ‘थांबा महाराज, एवढा डाव होऊ द्या.’”

बुवांनी काठी उचलली...

हौसाबाईच्या ओसरीवर पत्रावळींचा ढीग लागला होता आणि शेजारी नवा डाव मांडला होता. बुवांना पाहून ती उठू लागली. बुवांनी हातानंच तिला बसवलं आणि स्वतः समोर मांडी घातली.

“हरेल त्यानं काय करायचं?”

“भांडी घासायची,” धाकटी म्हणाली. “आई रोज हरते. आम्ही लबाडी नाही करत हं.”

“करतात, बुवा,” हौसाबाई म्हणाली आणि खळखळून हसली. असं हसू विद्याधरनं सकाळपासून कुठल्याच घरात ऐकलं नव्हतं.

बुवांनी सागरगोटा उडवला. झेलायला हात पुढे केला. गोटा निसटून थेट चुलीपाशी गेला.

पिठलं-भाकरी झाली. बुवा बाह्या सरसावून मोरीपाशी बसले आणि पिठल्याचं पातेलं पुढे ओढलं.

विद्याधर धावला. “बुवा, मी असताना तुम्ही? द्या इकडे, मी घासतो.”

बुवांनी पातेलं सोडलं नाही...

“तू कसा घासशील? तू अजून खेळलास कुठं?”