पिवळ्या दिव्याची सुट्टी

गाड्या अजून बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. केतकीची लाल स्पोर्ट्स कार घाटातली अवघड वळणं न घसरता घ्यायची. "ही माझीच करामत!" गाडी म्हणायची. बंपरला टांगलेलं लिंबू म्हणायचं, "तुझी कसली? दर शनिवारी मला उगाच बांधतात का?" डॅशबोर्डवरचा इवलासा पिवळा दिवा मात्र गप्प असायचा. एखादं चाक घसरायला लागलं, की तो मिचकायचा आणि त्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबायचा.

"हा मेला सारखा पाय धरतो," गाडी एकदा केतकीला म्हणाली. "हा नसता तर बघ, मी कशी झोकात वळले असते!"

केतकीलाही ते बघायचंच होतं. "पण घाटात नाही हं," ती म्हणाली. पाणी मारलेल्या मोकळ्या मैदानावर जाऊन तिने दिव्याला झोपवायचं बटण दाबून धरलं. दिवा पेटलेला डोळा उघडा ठेवूनच झोपी गेला.

पहिल्याच वळणावर गाडीने एक गिरकी घेतली, मग दुसरी, मग तिसरी. लिंबू तुटून कुठल्या कुठे गेलं. गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड आल्या वाटेकडे होतं.

"मजा आली!" केतकी हसत म्हणाली.

"आली खरी," गाडी म्हणाली. केतकीने दिव्याला उठवल्यावर गाडीने त्याला हळूच विचारलं, "काल घाटात माझं चाक किती वेळा धरलंस?"

"अकरा वेळा. शेवटच्या वेळी खाली दरी होती."

"मग बोलला का नाहीस?"

"कामात होतो."

पुढेही गाडी मैदानावर हौसेने गिरक्या घ्यायची. पण घाटाचा पायथा आला, की आधी विचारायची, "जागा आहेस ना रे?"