घासलेल्या पुतळ्यांची कहाणी

ऐका, पेटीतल्या लक्ष्मीबाई, तुमची कहाणी. नगर होतं, आटपाट म्हणतात तसलं. तिथं एक वैद्य राहत होता. घरात त्याची आई, बायको तापी आणि धाकटी बहीण अंबू. तापी लग्न होऊन आली तेव्हा अंबू पाळण्यात होती. तापीनंच तिला न्हाऊमाखू घातलं, तापीनंच तिची वेणीफणी केली. स्वतःचं मूलबाळ तापीला नव्हतं. अंबू म्हणजे तिचा जीव की प्राण.

तापी कामाला वाघ. पण तिला एक खोड होती, घासायची. तांब्या घाशी, तो लखलखे, तरी पुन्हा घाशी. उंबरा घासून घासून त्याला खळगा पडला. शेजारणी म्हणत, "तापीच्या हाती पडलं आणि झिजलं." तापीला वाटे, आपली स्तुतीच चालली आहे. बायांनो, हसू नका. अशी एकेक आपल्याही घरात आहे.

एकदा काय झालं? सासूबाई काशीयात्रेला निघाल्या. निघताना दागिन्यांची पेटी उघडली. पेटीत मोत्यांची नथ होती, आत लाख भरलेल्या मण्यांची बोरमाळ होती, चांदीचे पैंजण होते आणि पुतळ्यांची माळ होती. एकेक पुतळी सोन्याची, नाण्यासारखी, वर लक्ष्मीचा मुखडा. सासूबाई म्हणाल्या, "तापी, ही माळ अंबूची. पैलगावच्या घरी तिचं ठरलंय. त्यांच्याकडे मुखड्याची लक्ष्मी गळ्यात असल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. मी आले की लग्न. तोवर दर शुक्रवारी पेटी उघडायची. मोत्यांना आंबट दाखवायचं नाही. लाखेला कढत लावायचं नाही. पुतळ्यांना राख लावायची नाही, कोमट रिठ्याच्या पाण्यातून काढायच्या, मऊ धुवट फडक्यानं टिपायच्या. सोनं वेगळं बांधायचं, चांदी वेगळी. आणि घटकाभर अंगावर घालायचं. कोंडून ठेवलं की सोनं रुसतं." तापी म्हणाली, "बरं." सासूबाई गेल्या. बरं म्हणायला काय लागतं?

पहिला शुक्रवार आला. तापीनं नथ काढली. म्हणाली, "मळलीय मेली." चिंचेच्या पाण्यात टाकली, खसखसून घासली. तोच दारात एक म्हातारी आली. लुगड्याला ठिगळं, कपाळाला चिरीभर कुंकू. म्हणाली, "बाई, बाई, घटकाभर तुझी नथ घालू दे." तापी म्हणाली, "चल हो बाजूला. आत्ता उजळलीय, तुझ्या घामानं मळेल." म्हातारी गेली. मग तापीनं नथ वाळवून पाहिली. मोत्यांचं तेज गेलं होतं, भुरे झाले होते.

दुसरा शुक्रवार आला. तापीनं बोरमाळ काढली. कढत पाण्यात टाकली, खसखसून घासली. तोच म्हातारी आली. "बाई, बाई, घटकाभर तुझी बोरमाळ घालू दे." तापी म्हणाली, "चल हो बाजूला, तुझ्या घामानं मळेल." म्हातारी गेली. मग तापीनं पाहिलं तर लाख वितळून वाहिली होती, पोकळ मणी चेपले होते. तापी म्हणाली, "लाखच वाईट होती." स्वतःचा हात वाईट, असं कोण म्हणतं?

तिसरा शुक्रवार आला. आता पुतळ्या. तापी ओसरीवर बसली, राख घेतली, काथ्या घेतला. सकाळी बसली ती उन्हं डोक्यावर येईतो घाशीत होती. म्हातारी आली. "बाई, बाई, घटकाभर तुझी माळ घालू दे." तापीनं मान वर केली नाही. म्हणाली, "चल हो बाजूला, तुझ्या घामानं मळेल." म्हातारी म्हणाली, "मळेल कसली? मळायला काही उरलं तर ना!" आणि गेली. मग तापीनं माळ उन्हात धरली. पुतळ्या झगझगीत झाल्या होत्या. एकीवरही नाक नाही, डोळा नाही, मुखडा नाही. तापीनं माळ पेटीत टाकली आणि झाकण लावलं. पण सांगते कुणाला?

मग सासूबाई काशीहून आल्या. मग मांडव पडला; धांदलीत पेटी तापीकडेच राहिली, माळ तिनंच अंबूच्या गळ्यात घातली. मग पैलगावचं वऱ्हाड वेशीवर आलं. सीमांतपूजनाला विहीणबाई अंबूजवळ गेल्या, गळ्यातली माळ हातात धरली, उलटी केली, सुलटी केली. म्हणाल्या, "ह्या पुतळ्या नव्हेत, चकत्या आहेत. पिवळं दाखवून फसवता काय आम्हाला?" सासूबाईंनी माळ पाहिली, तापीकडे पाहिलं. तापी पुढं झाली. म्हणाली, "सोनं खरं आहे, विहीणबाई. मुखडे मी घासून घालवले." विहीणबाई म्हणाल्या, "लक्ष्मी कुणी घासून पुसून टाकतं का? मेलं बोलायचं तरी पटेल असं बोलावं! हे चोराचं घर आहे." वऱ्हाड मागं फिरलं. वेशीवरून परतलेली मुलगी कोण करणार? अंबूनं हळद धुतली आणि निजून राहिली. वहिनीला बोल लावला नाही. तेच तापीला जास्त लागलं.

तापी परसात गेली, धाय मोकलून रडली. "मी माझ्या हातानं माझ्या लेकराचं वाटोळं केलं गं!" तोच परसाच्या दारात म्हातारी. ती कोण होती, हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. तापीला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "आजी, आता मागू नका, द्यायला तोंड नाही मला." म्हातारी म्हणाली, "मागायला नाही आले. एक वसा सांगते, तो घे. शुक्रवारी पेटी उघड. राख नको, काथ्या नको, हातात जोर नको. मऊ फडक्यानं पूस. मग दारी जी बाई येईल तिच्या अंगावर दागिना घाल, घटकाभर बसव, गूळपाणी दे. कोण, कुठली, विचारू नको. काळी, गोरी, सवाष्ण, विधवा, पाहू नको. मधेच टाकू नको." तापीनं विचारलं, "ह्यानं मुखडे परत येतील?" म्हातारी म्हणाली, "ते मी बोलले नाही."

पहिल्या शुक्रवारी परटीण आली. तिला माळ घातली. ती लाजली, हसली, गूळ खाऊन गेली. दुसऱ्या शुक्रवारी बुरडीण आली, तिला घातली. तिसऱ्या शुक्रवारी कुणीच येईना. तापी माळ घेऊन वेशीवर गेली, शेण्या थापणाऱ्या विधवा आजीला म्हणाली, "हात धुवा हो, गळ्यात घालायचंय." आजी म्हणाली, "वेड लागलं का गं तुला?" असे शुक्रवार गेले. पावसाळा गेला, हिवाळा गेला. गावात बाई उरली नाही जिच्या गळ्यात ती माळ बसली नाही.

चैत्रात एका शुक्रवारी दारात बैलगाडी थांबली. पैलगावच्या विहीणबाई उतरल्या. हातात अंबूच्या साखरपुड्याचा नारळ. उंबऱ्याशीच म्हणाल्या, "दुसरी मुलगी पाहिलीय. तुमचा नारळ घ्या, आमचं लुगडं द्या, वाट मोकळी करा." तापीच्या हातात फडकं होतं, फडक्यात माळ होती. तिचा हात अडला. मनात आलं, हिनं चोर म्हटलं, हिनं माझ्या अंबूला वेशीवरून टाकलं, हिच्या गळ्यात घालू? पण दारी आली होती, आणि वार शुक्रवार होता. तापी म्हणाली, "लुगडं देते. आधी घटकाभर बसा." पाट मांडला, गूळपाणी दिलं, माळ गळ्यात घातली. विहीणबाई म्हणाल्या, "हे काय? मला कशाला?" तापी म्हणाली, "वसा आहे. कुणालाही असाच."

विहीणबाईंनी माळ चाचपली. हयातभर सोनं अंगावर वागवलेली बाई ती. खोटं मानेवर कसं बसतं आणि खरं कसं, हे तिला सोनारानं सांगायला नको. मान हलवली, माळ तळहातावर तोलली. म्हणाल्या, "जड आहे गं." तापी म्हणाली, "आहे." "आणि मुखडे?" "माझ्या हातांनी गेले. त्या दिवशीही हेच सांगितलं होतं." विहीणबाईंची मान खाली गेली. म्हणाल्या, "सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही."

मग उठल्या. अंबूला हाक मारली, आपल्या गळ्यातली माळ काढून तिच्या गळ्यात घातली. सासूबाई आतून आल्या, म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्याकडे मुखड्याची लक्ष्मी लागते. ह्या पुतळ्यांवर मुखडा नाही." विहीणबाई म्हणाल्या, "मोडायला आलेलीला जिनं पाटावर बसवलं, तिच्या हाताखाली ही पोर वाढलीय. आणखी कुठले मुखडे बघू?" अंबू तापीच्या गळ्यात पडली, आणि वर्षभर न रडलेली पोर तेव्हा रडली.

पुतळ्यांवर मुखडे काही पुन्हा उगवले नाहीत. कहाणी आहे म्हणून खोटं सांगत नाही. अंबू ती माळ घालून उंबरा ओलांडून गेली, सुखानं नांदली.

तर लक्ष्मीबाई, तापीला पावलात तशा आम्हा ऐकणाऱ्यांना, सांगणाऱ्यांना पावा. अंगावरचं सोनं निगुतीत राहो, उंबऱ्याशी आलेली पाटावर बसो. साठ उत्तरांची होती, पाच उत्तरांत सांगितली; कहाणी फळाला आली, इथं पुरी झाली.