अर्ध्या पोटाचं पेन

फार मागं, पेनं नुकती खिशात मिरवायला लागली होती तेव्हाची गोष्ट. साखरपुड्याला निघालेल्या हणमंतशेठच्या पांढऱ्या खिशात दोन शाईपेनं होती, एक काळं आणि एक हिरवं. सोयऱ्यांसमोर शेठनं आपल्यालाच काढावं, ही हिरव्याची हौस.

"काळेकाका, गळ्यापर्यंत शाई ढोसलीत! सांडाल हं," अर्धंच भरलेलं हिरवं हसलं.

"तूही भरून घ्यायचंस, बाळा. रिकाम्या जागेत हवा असते, उकाड्यात ती फुगते."

"फुगू दे की! माझ्यात शाई आहेच किती?"

दुपारी मोटार तापली. हिरव्याच्या पोटातली हवा फुगली आणि तिनं शाई बाहेर ढकलली. खिशावरचा डाग पाहून शेठनं हिरवं फडक्यात गुंडाळलं. आहेराच्या पाकिटावर नाव घातलं ते काळ्यानं.

"काका, तुम्ही एवढे भरलेले, तरी सांडला नाहीत?" फडक्यातून हिरव्यानं विचारलं.

"मला ढकलायला आत होतं कोण?"