वेणुपदाचा बांध

पूर्वी कुंभवती नगरीत सुदर्भ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजा आणि त्याचा धाकटा भाऊ यांच्यात नऊ वर्षे युद्ध चालले होते. भाऊ रणात पडला, युद्ध संपले, पण राजाचा संशय संपला नाही. अर्ध्या गावांनी भावाची बाजू घेतली होती, म्हणून त्याने सगळ्याच ग्रामसभा बंद केल्या. साधी विहीर उपसायची तरी आता राजधानीची आज्ञा लागे. माणसे आठ-आठ दिवस चालत येत आणि राजवाड्याच्या ओसरीवर बसून राहत.

वेणुपद गावची खेमा नावाची म्हातारी अशीच आली होती. तळ्याचा बांध खचला आहे, तो दुरुस्त करू द्यावा, एवढेच तिचे मागणे. आज्ञा निघायला तीन महिने लागले. ती न्यायला खेमा पुन्हा आली, तेव्हा बोधिसत्त्वाने विचारले, "आई, काम कधी सुरू करणार?"

"बांध गेल्या पंधरवड्यात फुटला," ती म्हणाली. "खालची शेतं वाहून गेली. बोलावणं होतं, म्हणून आले."

बोधिसत्त्व तसाच राजाकडे गेला. "महाराज, गावांचा कारभार गावांना परत द्या."

"ते एकमेकांचे गळे धरतील."

"धरतीलही. पण इथे बसून मला तो बांध दिसत नाही. त्यांना दिसतो."

राजा म्हणाला, "एका गावाला देतो. तू तिथे जाऊन राहा. रक्त सांडलं, तर तुझं पद गेलं आणि सभाही कायमच्या गेल्या."

वेणुपदात वरची आळी राजाच्या बाजूने लढली होती, खालची भावाच्या. सभा भरली, पण पाच दिवस कोणी तोंड उघडले नाही. पावसाळ्याला दीड महिना उरला होता. सहाव्या दिवशी एक जण म्हणाला, "अमात्य, तुम्हीच काय ते ठरवा. आम्ही थकलो."

बोधिसत्त्वही थकला होता. एक वाक्य बोलला असता, तर त्याला घरी जाता आले असते. पण आज आपण ठरवले, तर उद्याही हे आपल्यालाच विचारणार, हे त्याला कळत होते.

"मीही थकलो आहे," तो म्हणाला. "उद्या पुन्हा बसू."

नवव्या दिवशी खालच्या आळीतली खेमा उठली. समोर वरच्या आळीचा नंदिय बसला होता. युद्धात तिचा मुलगा त्याच्याच हातून मेला, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

"दगड रचणं नंदियाइतकं कोणाला येत नाही," ती म्हणाली. "काम त्याला द्या. माती आमची आळी वाहील. मीही वाहीन. त्याने माझ्याशी बोलू नये."

नंदियाने मान खाली घातली. "नाही बोलणार. उद्या येतो."

पावसाआधी बांध उभा राहिला आणि टिकला. मग राजाने एकेक करून सगळ्या गावांना सभा परत दिल्या. बोधिसत्त्वाला विचारायला येणारे कमी झाले, पुढे त्याची आठवण काढणारेही. त्याला त्याचे वाईट वाटले नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज हा विहार एकट्याने चालवू पाहणारा आपला स्थविर पुण्णक. खेमा म्हणजे वृद्ध भिक्षुणी उत्तमा. नंदिय म्हणजे तिच्या दाराशी रोज न बोलता पाणी ठेवून जाणारा रोहक. तो अमात्य मी होतो. निर्णय आपल्या हाती असताना इतरांना तो घेता येईपर्यंत बसून राहणे, ही क्षांती, म्हणजे सहनशीलता."